भिंतीवरचं भिवापूर

सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत भिवापूर ५५ पी या पत्रकात येतं आणि नागपूर शहर त्याच्या वरच्या ५५ ओ मध्ये. एकाच जिल्ह्याचे हे दोन कागद. त्यामुळे कुणी हौसेने जुन्या नागपूरचा नकाशा फ्रेम करून घेतला, तरी त्यात भिवापूर सापडायचं नाही.

नकाशा या भागाला नवा नाही. मद्रासजवळ १८०२ मध्ये त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला तळ हलवत असताना हिंगणघाटला वारला, २० जानेवारी १८२३ रोजी. भिवापूरपासून हे सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. लॅम्बटनच्या माणसांनी मोजलं ते राज्यासाठी, आणि नकाशाही पुढे कचेरीचाच राहिला. तलाठ्याकडचा गावनकाशा बांधाचा तंटा निघाला की उलगडायचा, एरवी गुंडाळीत.

नकाशाकडे नुसतं पाहत राहावं, ही गोष्ट मराठी मुलखातून एकदा थेट काशीला गेली. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमात जमिनीवर मातीचा, उठावाचा भारत केलेला होता. १९१३ मध्ये शिवप्रसाद गुप्तांनी तो पाहिला आणि वाराणसीत भारतमाता मंदिर बांधलं. तिथे मूर्ती नाही, संगमरवरी नकाशा आहे. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं.

कागदी नकाशा लोकांपर्यंत पोचायला मात्र उशीर लागला. २००५ च्या नकाशा-धोरणाने लोकांसाठी वेगळी नकाशामालिका ठरवली, २०१७ मध्ये ती संकेतस्थळावर फुकट मिळू लागली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे करण्यावरची बरीचशी बंधनं सैल झाली. मधल्या काळात ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून काढलेल्या शहरांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांची लाट येऊन गेली. मला ती रुचत नाहीत. त्यांत गल्ल्यांची जाळी तेवढी उरते, नावं जातात. मुंबईला ते खपतं. भिवापूरच्या चार रस्त्यांची जाळी ती काय होणार?

इथली नक्षी पाण्याची आहे. पूर्व विदर्भाच्या पत्रकांवर मामा (माजी मालगुजारी) तलावांचे निळे ठिपके सांडलेले असतात. पाणी असलेली नदी निळी, कोरडा नाला काळा, हा सर्वेक्षणाचा संकेत. म्हणजे रंगावरूनच उन्हाळा वाचता येतो. त्यावर समोच्च रेषांचा तपकिरी. वेगळी सजावट करायची गरजच नाही.

अडचण आहे ती भिंतीसाठी कोणत्या सालचं पत्रक घ्यावं, ही. १९०८ ची नागपूर-नागभीड छोटी रेल्वे भिवापुरावरून जायची. रुंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये थांबली. वैनगंगेवर गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढे भंडारा-नागपूरची कित्येक गावं बुडिताखाली गेली. नवा नकाशा तिथे सपाट निळा दाखवतो.

मी छापलं तर जुनं पत्रक खाली ठेवीन आणि धरणाचं पाणी वरून इतक्या पातळ निळ्यात देईन, की गावांची नावं त्यातून वाचता यावीत. रेल्वेची काळी रेघही राहील. आणि भिवापूर म्हटलं की मिरचीचा तांबडा ओतायचा मोह होतो, तो आवरीन.