बर्फाच्या उतारावर आठ दिवस

यवतमाळच्या मुख्य बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. वडिलांनी ते चाळीस वर्षे चालविले आणि त्या चाळीस वर्षांत घरच्या माणसावाचून दुकान उघडे राहिले, असे एकदाही घडले नाही. तीर्थयात्रा असो की सोयऱ्यांकडील लग्न, एक भाऊ गल्ल्यावर बसला की मगच बाकीच्यांनी निघावयाचे, हा घरचा अलिखित नियम. म्हणूनच तेरा वर्षांच्या कन्येने नाताळच्या सुट्टीत सर्वांनी मिळून गुलमर्गला जाऊ आणि स्कीइंग शिकू, असा प्रस्ताव मांडला तेव्हा प्रथम घरभर हशा झाला. वडील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "धनुर्मासात मुहूर्त नसतात. लग्नाचे गिऱ्हाईक संक्रांतीनंतरच येईल. मुनीमजी आहेत. जाऊन या."

आम्हा कापड व्यापाऱ्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून मकर संक्रांतीपर्यंत बस्ते बांधणारे गिऱ्हाईक फिरकत नाही. शेतकऱ्याच्या हाती कापसाचा पैसा येऊ लागलेला असतो. पण मोठी खरेदी तो पुढे ढकलतो. मुलांच्या शाळेची सुट्टी आणि दुकानाचा हा सैल काळ जवळजवळ एकाच वेळी येतात. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती!

आईचा प्रश्न

वडिलांची अनुमती मिळाली तरी आईचा प्रश्न उरला होता. ती अनेक वर्षांपासून नवकारशी आणि चौविहार पाळते. कंदमुळे घरात येत नाहीत. "नियम मोडून मला कोठेही जायचे नाही," हे तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. त्यानंतर तिने जे विचारले, त्याने मी निरुत्तर झालो. जैन जीवविचारात दव, हिम, गारा ही अप्कायाची रूपे मानली आहेत. बर्फ आणि गारा यांची गणना बावीस अभक्ष्यांतही होते. "जे मुखात घालायचे नाही, त्याच्यावर खेळायचे कसे?" असे ती म्हणाली.

माझ्यापाशी उत्तर नव्हते. श्रावकाचे व्रत हे मर्यादेचे व्रत असते, इतकेच मी म्हणू शकलो. दोन दिवसांनी तिनेच निर्णय दिला. ती येणार होती, पण खेळणार नव्हती; चालायचे तर साफ केलेल्या वाटेवरूनच चालणार होती. आणि नातवंडांनी बर्फाचा एक कणही तोंडात घालायचा नाही, ही तिची अट होती. मुलांनी ती मान्य केली आणि अखेरपर्यंत पाळली.

तयारी: कपडे आणि भोजन

थंडीच्या कपड्यांच्या बाबतीत आपल्या घरांना अधिक विचार करावा लागतो. बाजारात मिळणारी उंची फुगीर जाकिटे बहुधा बदकांच्या वा हंसांच्या मऊ पिसांनी भरलेली असतात. आम्ही पॉलिस्टरचे भरण असलेली जाकिटे निवडली. ती काहीशी जड वाटतात, परंतु ओलसर झाली तरी ऊब टिकवून धरतात. हातमोजे चामड्याचे न घेता जलरोधक कृत्रिम कापडाचे घेतले. शरीराला चिकटून राहणारा एक थर, त्यावर फ्लीसचा मऊ थर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडविणारा थर, अशी तीन थरांची रीत बर्फाळ प्रदेशात उपयोगी पडते. सुती कपडा अंगालगत घालू नये. तो घाम शोषतो, लवकर वाळत नाही आणि मग थंडी वाजते. कापसाच्या जिल्ह्यातून आलेल्या, कापूसच नेसणाऱ्या माणसाला हे पचविणे थोडे जड गेले!

भोजनाचा प्रश्न घड्याळाचा होता. डिसेंबरअखेर यवतमाळला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. श्रीनगरकडे सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि साडेपाचच्या आधीच मावळतो. म्हणजे नवकारशीचे पच्चक्खाण सव्वाआठनंतर पारावयाचे आणि सव्वापाचपर्यंत दिवसाचे सर्व भोजन आटोपावयाचे. हॉटेलांतील रात्रीचे जेवण आठला सुरू होते. म्हणून खोली घेण्यापूर्वीच आम्ही फोनवरून तीन गोष्टी पक्क्या केल्या: स्वयंपाकघर शाकाहारी असावे, कांदा-लसूण-बटाट्याविना साधे जेवण पाच वाजता मिळावे आणि खोलीत पाणी उकळण्याची सोय असावी. खाखरे, मेथीचे ठेपले, भाजलेले पोहे, मूगडाळ-तांदूळ आणि एक छोटा कुकर सोबत घेतला. कुकर घेण्याचे कारण असे, की गुलमर्गच्या उंचीवर पाणी सुमारे ९१ अंशांनाच उकळते. साध्या पातेल्यात डाळ किती वेळ ठेवली तरी टचटचीत राहते.

काश्मिरी पंडितांच्या पारंपरिक पाककलेत कांदा-लसूण नसतो, हिंग आणि बडीशेप असते, ही माहिती आईला फार आवडली. तेथे 'हाक' नावाची हिरवी पालेभाजी तिने आनंदाने खाल्ली. कमळाचे देठ म्हणून वाढले जाणारे 'नदरू' हे मात्र चिखलात वाढणारे खोड असल्याने आम्ही टाळले. केशर-वेलदोड्याचा कहवा मागविताना मध घालू नका, असे आधीच सांगावे लागते.

कुरणातील गाव

नागपूरहून दिल्लीमार्गे विमानाने आम्ही श्रीनगरला उतरलो. तेथून पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, पीर पंजाल पर्वतरांगेत, बारामुल्ला जिल्ह्यात गुलमर्ग आहे. शेवटचे तेरा किलोमीटर टंगमर्गपासून घाटाचे. बर्फ पडलेले असले की तेथे चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या घ्याव्या लागतात. आपले यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. पहिल्या दिवशी जिना चढतानाही दम लागला. तो दिवस विश्रांतीला ठेवला, ते बरे झाले.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे मानतात. त्या काळाला 'चिल्लई कलान' म्हणतात. लोक पायघोळ फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून वावरतात. रात्री पारा शून्याच्या खाली आठ-दहा अंश उतरतो. तरीही बर्फाची शाश्वती नसते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार कित्येक आठवडे कोरडे होते आणि ती बातमी देशभर गाजली होती. आमच्या सुदैवाने पोहोचण्याच्या आदल्या रात्री हिमवर्षाव झाला होता.

गुलमर्गचा स्कीशी संबंध जुना आहे. इंग्रजांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. १९६८ मध्ये भारत सरकारची स्की व गिर्यारोहण प्रशिक्षण संस्था आली. गोंडोला नावाच्या दोरमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. पहिला टप्पा तीन हजार मीटरवरील कोंगडोरीपर्यंत नेतो आणि दुसरा ३९०० मीटरहून अधिक उंचीवरील अफरवटच्या धारेजवळ. २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धाही येथे भरू लागल्या.

या परिसरातील आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू होते आणि जायंट स्लॅलम शर्यतीत त्यांनी ४५ वे स्थान मिळविले. त्यांच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान. 'दुकानदाराचा मुलगा ऑलिंपिकला गेला,' हे वाक्य माझ्या चिरंजीवाने मला दिवसातून तीनदा ऐकविले.

माझी काटकसर

स्कीचे बूट कडक प्लॅस्टिकचे असतात. घोटा आत जखडला जातो आणि चालताना माणूस डोलतो. बूट पट्टीला ज्या खटक्याने जोडलेला असतो, तो जोराने पडल्यास आपोआप सुटतो. त्यामुळे पाय पिरगळण्याचा धोका कमी होतो. आम्ही तिशीतला एक स्थानिक प्रशिक्षक ठरविला. त्याने पहिला अर्धा तास आम्हांला फक्त पडावयास शिकविले. तोल गेला की हात पुढे टेकावयाचा नाही. गुडघे वाकवून कुशीवर, उताराच्या वरच्या बाजूस बसावयाचे. त्यानंतर थांबणे: पट्ट्यांची टोके जवळ आणि मागच्या बाजू दूर करून पाचरीसारखा आकार करावयाचा, म्हणजे वेग मरतो. सरळ घसरणे त्याने सर्वांत शेवटी शिकविले.

दोन दिवसांत कन्या चांगली तयार झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मनातल्या मनात हिशेब केला: साहित्य भाड्याने घेतलेलेच आहे, उतार सर्वांना मोकळा आहे, मग प्रशिक्षकाची फी कशाला? मी त्याला "आज नको," असे सांगितले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. एवढ्यावरच मी थांबलो नाही. कालच्या उताराहून थोडा वरचा उतार मीच तिला दाखविला आणि म्हणालो, "तुला येईल."

तिला वेग आवरला नाही. पाचर करावयाची ती विसरली आणि पडताना हात पुढे टेकला. मी खाली उभा होतो. मला स्कीवर धड चालताही येत नव्हते, मग तिच्यापर्यंत धावणार कसा? बूट सोडविण्यात जी दोन मिनिटे गेली, ती मला आजही आठवतात. माझ्याआधी तिच्यापाशी पोहोचला तो आमचा प्रशिक्षक. दुसऱ्या एका कुटुंबाला शिकवीत असताना त्याने तिला पडताना पाहिले होते. त्याने स्वतःचा मफलर सोडून तिचे मनगट बांधले. खाली जाऊन क्ष-किरण तपासणी केली. हाड मोडले नव्हते, मनगट मुरगळले होते. त्याच्या श्रमाचे पैसे मी देऊ लागलो, तर त्याने घेतले नाहीत. तो म्हणाला, "भाईसाब, पैशाचे सांगितले असते तर मी एक तास कमी केला असता. मुलीला एकटी कशाला सोडले?"

गिऱ्हाइकाला हेच मी स्वतः अनेकदा ऐकवितो: परवडत नसेल तर मीटरभर कमी घ्या, पण हलका माल घेऊ नका. त्या दिवशी ते मला ऐकावे लागले.

संध्याकाळी आईचे प्रतिक्रमण आटोपल्यावर मी कन्येजवळ बसलो. संवत्सरीला आपण गावभर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम' म्हणतो, शेकडो लोकांना निरोप पाठवितो. स्वतःच्या मुलीला मी ते शब्द कधी मनापासून म्हटले होते, हे मला आठवेना. त्या रात्री म्हटले. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पप्पा, उद्या तुम्ही शिका. मी बघते."

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण फी देऊन शिकावयास उभा राहिलो. हात गळ्यात बांधलेली कन्या आजीसह वाटेवरच्या बाकावर बसून माझी प्रत्येक घसरगुंडी मोजत होती. आकडा सतरावर गेला. त्या दोन दिवसांत बाकावर बसून आम्ही जितके बोललो, तितके गेल्या दोन वर्षांत बोललो नव्हतो. तिला गणित आवडत नाही हे मला ठाऊक होते. दुकानातील रंग आणि पोत ओळखावयास आवडतात, हे ठाऊक नव्हते. सायंकाळी मुनीमजींना फोन केला तर ते म्हणाले, "सर्व ठीक आहे, शेठजी. रोज फोन करू नका."

स्लेज ओढणारा माणूस

येथे लाकडी स्लेजवर बसवून दोरीने ओढत नेणारे अनेक श्रमिक भेटतात. माणसाने माणसाला ओढावे, हे आईला रुचेना. ती बसली नाही. चिरंजीव म्हणाला, "दादी, आपल्याकडचे हमाल गाठी उचलतात, त्यावर त्यांचे घर चालते. यांचेही तसेच आहे." आईने विचार केला आणि त्या वयस्क गृहस्थांना ठरलेली पूर्ण मजुरी देऊन सोबत चालावयास सांगितले. सामानाची पिशवी तेवढी स्लेजवर ठेवली. ते गृहस्थ तिला वाट दाखवीत, निसरड्या जागी हात देत चालले. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळत होती, तरी गप्पा तासभर चालल्या.

जाणाऱ्यांसाठी थोडे

आपल्यापैकी कोणी जाणार असतील तर चार गोष्टी सांगतो. गोंडोलाची तिकिटे आधीच ऑनलाइन घ्यावीत. वारा वाढला की दोरमार्ग बंद ठेवतात, म्हणून एक दिवस मोकळा राखावा. आपल्याकडील प्रीपेड मोबाइल जम्मू-काश्मिरात चालत नाही. घरात एक तरी पोस्टपेड क्रमांक असावा. परतीच्या वेळी दिल्लीच्या धुक्यामुळे विमानांना उशीर होतो, तेव्हा लागोपाठची उड्डाणे घेऊ नयेत आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन डब्यात जवळ ठेवावे. शाल घेताना 'शहतूश' असे कोणी कानात सांगितले तर तेथून उठावे; तिच्यासाठी चिरू या तिबेटी मृगाला मारले जाते आणि तिच्या व्यापारावर कायद्याने बंदी आहे.

आणि प्रशिक्षकाची फी वाचवू नये.

परतल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न नातीच्या मनगटाविषयी विचारला, दुसरा गल्ल्याविषयी. दोन्ही ठीक होते. संक्रांतीनंतर लग्नसराई सुरू झाली तशी कन्या रविवारी दुकानात येऊ लागली आहे. साड्यांचे रंग लावण्याचे काम आता तिच्याकडे आहे. पुढच्या धनुर्मासात दुकानावर आपण बसणार, असे वडिलांनी आताच सांगून ठेवले आहे.