पेपरमिंटचा चहा



पेपरमिंट हा शब्द ऐकला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें लहानपणची ती पांढरी वडी उभी राहते. जिभेवर ठेवावी, तोंडानें वारा आंत ओढावा आणि गार वाटलें म्हणून हंसावें, एवढाच तिचा आपला परिचय. परंतु ज्या वनस्पतीवरून त्या वडीस हें नांव मिळालें, तिच्या पानांचा फांट युरोपांत व अमेरिकेंत पुष्कळ घरीं जेवणानंतर घेतला जातो, आणि आतां आपल्याकडील दुकानांतहि त्याच्या पुड्या मिळतात. हा चहा थंड आहे, त्यानें पोट शांत होतें, जळजळ थांबते, अशी त्याची कीर्ति सांगतात. त्या कीर्तींतलें खरें किती व नुसतें वाटणारें किती, याचा आज विचार करूं.

प्रथम नांवाचा उलगडा केला पाहिजे. चहा म्हटलें तरी यांत चहाच्या झुडुपाचें एकहि पान नसतें. गवती चहाला आपण ज्या अर्थानें चहा म्हणतों, त्याच अर्थानें हाहि चहा. त्यांत कॅफीन नसल्यामुळें रात्रीं घेतला तरी झोंप उडत नाहीं. तसेंच पेपरमिंट म्हणजे आपला चटणींतला पुदिनाहि नव्हे. दोघांचें कूळ एकच. पण चटणींतला पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा असतो व त्याचा सुवास कार्व्होन नांवाच्या द्रव्याचा असतो. पेपरमिंटमधील मुख्य द्रव्य मेंथॉल. त्याचें पान चावलें असतां प्रथम मिऱ्यासारखें चुरचुरतें व मग श्वास गार लागतो. पेपर म्हणजे मिरें, मिंट म्हणजे पुदिना. नांव अगदीं अन्वर्थक आहे.

पुदिन्याच्या कित्येक जाती प्राचीन ग्रीक व रोमन लोकांस ठाऊक होत्या. त्यावरून पेपरमिंटहि तितकेंच जुनें असावें, असा समज होणें साहजिक आहे. परंतु वनस्पतिशास्त्रांत त्याची स्वतंत्र नोंद इंग्लंडांत जॉन रे या पंडितानें १६९६ सालीं केली. पाणथळ जागीं उगवणारा रानपुदिना व स्पिअरमिंट यांच्या संकरांतून हें रोप जन्मास आलें आहे. खेचराला जशी संतति होत नाहीं, तसें या रोपासहि उगवणारें बीं धरत नाहीं. जमिनींतून पसरणारे त्याचे फुटवे तोडून लावावे लागतात; म्हणजे एका बागेंतून दुसऱ्या बागेंत तें माणसाच्या हातूनच गेलें.

१७२१ सालीं लंडनच्या अधिकृत औषधिकोशांत त्याचा समावेश झाला. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लंडनजवळील मिचम या गांवीं त्याची मोठी लागवड सुरू झाली आणि मिचमचें तेल सर्वत्र नांवाजलें गेलें. पुढें अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत पेपरमिंटचीं विस्तीर्ण शेतें उभीं राहिलीं. मिचमचीं शेतें आज राहिलीं नाहींत; लंडन शहर वाढतां वाढतां तेथें घरें झालीं. परंतु 'ब्लॅक मिचम' या जातीच्या नांवांत तें गांव अद्याप जिवंत आहे.

आतां त्याच्या गुणांकडे वळूं. १७७१ सालीं हॉलंडांतील गाउबियस नांवाच्या वैद्यानें पेपरमिंटच्या तेलांतून मेंथॉल वेगळें काढलें. हेंच द्रव्य आपल्याकडे पेपरमिंटचीं फुलें म्हणून मिळतें. ओव्याचीं फुलें व कापूर यांच्याबरोबर त्याचें पाणी करून ठेवणारीं घरें आपल्याकडे पुष्कळ. मात्र आपल्या देशांतलें मेंथॉल पेपरमिंटपासून न काढतां दुसऱ्या एका जातीच्या पुदिन्यापासून काढतात, आणि त्याचें मोठें क्षेत्र उत्तर प्रदेशांत बाराबंकीच्या बाजूस आहे.

मेंथॉलमुळें गार कां वाटतें? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारीं सूक्ष्म द्वारें असतात. थंडी लागली कीं तीं उघडतात व मेंदूस वर्दी जाते. मेंथॉलनें तींच द्वारें थंडीवांचून उघडतात, हें २००२ सालीं सिद्ध झालें. तें दाखविणाऱ्या संशोधकांपैकीं डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तात्पर्य, अंगाची उष्णता तसूभरहि कमी न होतां मेंदूला गारवा कळतो. पडशांत मेंथॉल हुंगलें असतां नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें, तेंहि असेंच; मोजून पाहिलें तर हवेचा मार्ग पूर्वींइतकाच अरुंद असतो.

मग सगळाच भास कीं काय? तसें नाहीं. मेंथॉलचा दुसरा गुण खरा आहे. आंतड्यांच्या भिंतींतील स्नायूंस आखडण्यासाठीं कॅल्शियम लागतें. मेंथॉल तें आंत शिरूं देत नाहीं, म्हणून स्नायु सैल पडतात. पोटांत मुरडा येणें, वायूनें फुगणें, जेवण अंगावर येणें यांत उतार पडतो तो यामुळें. आंतड्यांच्या जुनाट क्षोभावर पेपरमिंटच्या तेलाच्या, जठरांत न विरघळणाऱ्या गोळ्यांचे पुष्कळ प्रयोग झाले, आणि २०२१ सालीं अमेरिकेंतील पोटाच्या वैद्यांच्या संस्थेनेंहि त्यांची शिफारस केली. चहावर असे प्रयोग थोडे झाले आहेत व त्यांत तेलहि कमी उतरतें. म्हणून त्याचा गुण सौम्य समजावा.

आणि येथेंच सावध राहिलें पाहिजे. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावर एक स्नायूचें कडें असतें. जठरांतील आम्ल वर येऊं न देणें हें त्याचें काम. पेपरमिंट आंतड्याचे स्नायु सैल करतें, तसें हें कडेंहि सैल करतें. ज्याला आंबट ढेकर व छातींत जळजळ यांचा त्रास आहे, तो थंड म्हणून हा चहा पितो. घशाला क्षणभर गारवा वाटतो, पण खालचें दार उघडें राहून आम्ल अधिकच वर येतें. त्यानें हा चहा वर्ज्य करावा. पित्ताशयांत खडे असणाऱ्यांनीं वैद्यास विचारूनच घ्यावा.

दुसरी गोष्ट आपल्या भगिनींसाठीं. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पावाच्या जेवणाबरोबर पेपरमिंटचा चहा दिला असतां अन्नांतील लोह अंगीं लागण्याचें प्रमाण शेंकडा ८४ नें घटलें. नेहमींचा चहाहि तितकाच दोषी ठरला. ज्यांच्या अंगांत रक्त कमी आहे त्यांनीं कोणताहि चहा जेवणाबरोबर न घेतां मध्यें तास दीड तास जाऊं द्यावा. तान्ह्या मुलांच्या नाकाशीं मेंथॉल किंवा पेपरमिंटचें तेल कधींहि नेऊं नये. त्यांचा श्वास अडकण्याचें भय असतें. चार वर्षांखालील मुलांस हा चहाहि देऊं नये.

करण्याची रीत सोपी आहे. पाणी उकळून खालीं उतरावें, लहान पेलाभर पाण्यास दीड ते तीन ग्रॅम वाळलेलीं पानें टाकावीं आणि लगेच झांकण ठेवावें. पानें पाण्यांत उकळूं नयेत, कारण तेल वाफेबरोबर उडून जातें. पांच ते दहा मिनिटांनीं गाळावें; झांकणास लागलेले थेंब पेल्यांतच पडूं द्यावे. दिवसांतून तीन पेले पुरे.

सुवासिक, निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तूंविषयीं आपण सहसा चौकशी करीत नाहीं. पण पोट आखडलें आहे कीं आम्ल वर येत आहे, एवढें जरी आधीं ओळखलें, तरी हा पेला ओठांस लावावा कीं बाजूस ठेवावा याचा निर्णय प्रत्येकास घरच्या घरीं करतां येईल.