नोंद कोणासाठी?

इंदूरच्या माझ्या दवाखान्यात पूर्वी रुग्ण कागदांची पिशवी घेऊन येत. आता मोबाईल पुढे करतात. पावले, झोप, नाडी, रक्तदाब, साखर अशी सारी नोंद त्यात असते. तिच्यावरून नेमके काय करावे, हे मात्र बहुधा कोणासच ठाऊक नसते.

सर्वांना एकच उद्दिष्ट देणे, हा आरोग्यनोंदीच्या अ‍ॅपचा मुख्य दोष होय. दहा हजार पावलांचा आकडा रूढ झाला तो १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या ‘मानपो-केई’ या नावावरून. २०१९ मध्ये डॉ. आय-मिन ली यांच्या अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासात मात्र सुमारे ४,४०० पावलांनाही मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. ७,५०० नंतर विशेष फरक उरला नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना रोज ‘उद्दिष्ट अपूर्ण’ असे बजावणे म्हणजे त्यांचे चालणेच थांबवणे होय.

नुसत्या मोजणीने गुण येतो, असेही नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१६ च्या चाचणीत दोन वर्षांनी अंगावरील मोजयंत्र वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलो उतरले, तर संकेतस्थळावर स्वतः नोंद करणाऱ्यांचे ५.९ किलो.

म्हणून आधी प्रश्न ठरवावा, मग मोजावे. माझ्या एका निवृत्त शिक्षक रुग्णांना पहाटे उठताना चक्कर येई. ते दिवसातून दहादा रक्तदाब मोजत आणि प्रत्येक आकड्याने धास्तावत. मी त्यांना सांगितले, “गुरुजी, आठवडाभर सकाळ-संध्याकाळच मोजा, पाच मिनिटे शांत बसून दोनदा, मग उभे राहून एकदा. शेजारी औषधाची वेळ आणि चक्कर आली की नाही, एवढेच लिहा.” आठवड्याने चित्र स्पष्ट झाले : पहाटे उभे राहताच दाब उतरत होता. औषधाची मात्रा व वेळ बदलली, चक्कर थांबली. पडून मांडीचे हाड मोडण्याचा धोका टळला.

अ‍ॅपनेही हेच करावे. वापरणाऱ्याची अडचण आधी विचारावी, एक-दोनच गोष्टी मोजाव्यात, सुट्या आकड्यांऐवजी आठवड्याची सरासरी दाखवावी आणि डॉक्टरांसाठी एक पानाचा गोषवारा, शक्यतो रुग्णाच्या भाषेत, द्यावा. उत्तर मिळाल्यावर मोजणी थांबवण्याची मुभाही असावी.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की रुग्णाने मोबाईल पुढे केल्यास तो बाजूला सारू नये. ‘यातून आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे?’ असे त्याला आपुलकीने विचारावे.