धुराड्यातून न निघणारा प्रदूषक

मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. मुंबई-भुसावळ लोहमार्गाला येथे दौंडकडून आणि छत्रपती संभाजीनगरकडून येणारे मार्ग मिळतात. पुणे-इंदूर रस्त्यावर मालमोटारींची ये-जा सतत चालू असते. जवळच पानेवाडीला इंधनसाठ्याच्या टाक्या आहेत, तर गावात भारतीय अन्न महामंडळाची धान्यकोठारे आहेत. इंधन आणि धान्य यांचा हवेतूनही एक संबंध असतो. तो जोडणारा वायू म्हणजे ओझोन.

ओझोन म्हटले की विद्यार्थ्यांना आठवतो तो उंचावरचा, अतिनील किरण अडवणारा थर. तो आपला रक्षणकर्ता आहे. हाच वायू जमिनीलगत वाढला, तर मात्र फुप्फुसांना आणि वनस्पतींना घातक ठरतो. रेणू तोच, तीन ऑक्सिजन अणूंचा. फरक फक्त जागेचा.

हा जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो, म्हणून त्याला दुय्यम प्रदूषक म्हणतात. इंजिनात इंधन जळताना नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. पुढील क्रिया सूर्यप्रकाशात घडतात :

नायट्रोजन डायऑक्साइड + प्रकाश → नायट्रिक ऑक्साइड + ऑक्सिजन अणू
ऑक्सिजन अणू + ऑक्सिजन रेणू → ओझोन
ओझोन + नायट्रिक ऑक्साइड → नायट्रोजन डायऑक्साइड + ऑक्सिजन रेणू

म्हणजे जितका ओझोन बनला, तितकाच संपला! मग तो साठतो कसा? येथे पेट्रोलची वाफ, अर्धवट जळलेले इंधन, रंगांतील द्रावके अशी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे मधे पडतात. हवेत त्यांचे विघटन होताना जे क्रियाशील रेणू तयार होतात, ते ओझोन खर्च न करताच नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा डायऑक्साइड करतात. तिसरी क्रिया मागे पडते आणि ओझोन साचू लागतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे कोडे एरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास उलगडले. मूळचे ते अननसाच्या स्वादद्रव्यांचे अभ्यासक होते.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. भर रहदारीत ताजे नायट्रिक ऑक्साइड भरपूर असल्यामुळे तेथील ओझोन खर्ची पडतो. वाऱ्याबरोबर ही हवा शिवारात पोचेपर्यंत सेंद्रिय संयुगांना काम करायला वेळ मिळालेला असतो. त्यामुळे चौकापेक्षा दूरच्या शेतावर दुपारी ओझोन जास्त भरू शकतो. धूर एकाचा, नुकसान दुसऱ्याचे!

हे नुकसान किती? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर २०१४ साली प्रसिद्ध केले. २००५ सालचे देशभरातील उत्सर्जन संगणकीय प्रारूपात घालून त्यांनी ठिकठिकाणचा ओझोन काढला आणि पिकांच्या क्षेत्राशी त्याची सांगड घातली. निष्कर्ष असा, की त्या एका वर्षात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन आणि भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पादन ओझोनमुळे बुडाले. दारिद्र्यरेषेखालील सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना पुरले असते एवढे हे धान्य!

असे हिशेब कसे करतात? प्रचलित पद्धत सोपी आहे. हवेच्या एक अब्ज रेणूंमागे ओझोनचे ४० रेणू ही मर्यादा धरायची. वाढीच्या तीन महिन्यांत दिवसाच्या प्रत्येक तासाला ४०च्या वर जेवढे भरेल, तेवढेच मोजून बेरीज करायची. एखाद्या तासाला ५५ असतील तर १५ धरायचे. ३५ असतील तर शून्य. ही बेरीज जितकी मोठी, तितकी पिकाची घट अधिक.

ओझोन पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि पेशींची आवरणे बिघडवतो. प्रकाशसंश्लेषण मंदावते, पान लवकर म्हातारे होते, दाणा नीट भरत नाही. शेत हिरवे दिसत असतानाही घट सुरू झालेली असू शकते. रब्बीच्या दिवसांत आकाश निरभ्र आणि ऊन भरपूर असल्याने गव्हाला हा धोका विशेष आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर शिजवून खळ करा. खाली उतरवून तीत १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड ढवळा. थंड झाल्यावर गाळणकागदावर लावा, कागद अंधारात वाळवा आणि त्याच्या पट्ट्या कापा. पट्ट्या ऊर्ध्वपातित पाण्याने ओलावून एकाच दिवशी रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात व शेतात, सावलीत आठ तास टांगा. नंतर पुन्हा ओलावून जांभळट रंगाची तुलना करा. ओझोन आयोडाइडमधून आयोडीन मुक्त करतो आणि ते स्टार्चला रंग देते. नायट्रोजन डायऑक्साइडनेही थोडा रंग येतो आणि हवेतील दमटपणाचाही परिणाम होतो. तेव्हा हे मोजमाप नव्हे, केवळ तुलना. काम झाल्यावर हात धुवायला सांगा.

उपाय धुराड्यावर जाळी बसवण्याइतका सरळ नाही. केवळ नायट्रोजनची ऑक्साइडे घटली तर शहरात ओझोन काही काळ वाढूही शकतो. २०२०च्या टाळेबंदीत अनेक शहरांत तसे दिसले. इंधनाची वाफ आणि इंजिनाचा धूर, दोन्हींना एकदम आवर घालावा लागतो. आणि प्रदूषण मोजायचे तर केवळ चौकात नव्हे, शिवारातही मोजावे लागते.