मुखातील कर्करोगपूर्व अवस्थांचे निरीक्षण : छेदरहित प्रतिमातंत्रांची उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
मुखाचा कर्करोग बहुधा एकाएकी उद्भवत नाही. पुसून न जाणारा पांढरा चट्टा म्हणजेच ल्युकोप्लाकिया, मखमली लाल चट्टा, अथवा सुपारीच्या सेवनामुळे तोंड उघडणे अवघड करणारा सबम्यूकस फायब्रोसिस या अवस्था पुष्कळदा त्याच्या आधी दिसून येतात. अशा प्रत्येक विकाराचे रूपांतर कर्करोगात होत नाही. मात्र कोणत्याचे होईल हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. म्हणूनच अशा रुग्णाचे अनेक वर्षे निरीक्षण करावे लागते.

बायोप्सीची अडचण :
निदानाचा अंतिम आधार बायोप्सी हाच आहे. तथापि तीत ऊतकाचा लहानसा तुकडाच तपासला जातो. विस्तृत चट्ट्यातील सर्वाधिक बिघडलेली जागा त्यातून निसटू शकते. शिवाय तोंडात पुनःपुन्हा छेद घेणे रुग्णास नकोसे वाटते आणि तो पुढील तपासणी टाळू लागतो.

प्रतिमातंत्रे :
पहिले तंत्र स्व-अनुस्फुरणाचे. निळा प्रकाश टाकला असता निरोगी श्लेष्मल त्वचेतील कोलॅजेनादी घटक फिकट हिरवा प्रकाश देतात. पेशींत बिघाड होऊ लागला की तो क्षीण होतो व ती जागा काळपट दिसते. परंतु साधा दाहही तसाच दिसतो, हे विसरता कामा नये.

दुसरे तंत्र ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. १९९१ साली पुढे आलेले हे तंत्र सोनोग्राफीसारखेच आहे. फरक इतकाच की येथे ध्वनीऐवजी अवरक्त प्रकाशाचे परावर्तन मोजले जाते. सुमारे १ ते २ मिलिमीटर खोलीपर्यंतचे थर त्यात दिसतात. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये वरचा पेशीस्तर पातळ होत जातो. त्याची जाडी छेदाविना वारंवार मोजता येते. मात्र पेशीकेंद्रांतील बारीक बदल त्यात स्पष्ट होत नाहीत.

समारोप :
सारांश, ही तंत्रे बायोप्सीला पर्याय नाहीत. ती कोठे व केव्हा घ्यावी, हे ठरविण्यास त्यांचे साहाय्य होते. पण रुग्ण वेळेवर आला तरच त्यांचा उपयोग. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी लागू झाली असली, तरी तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगजनक आहे. तोंड पूर्ण न उघडणारा किंवा तिखट सोसत नाही म्हणणारा विद्यार्थी आढळल्यास त्याला दंतवैद्याकडे पाठविणे, हे प्राध्यापकांना सहज करता येण्याजोगे आहे.