सिंकखालच्या बाटल्या आणि घासणारे हात

शहरातल्या बहुतेक मराठी स्वयंपाकघरांत सिंकखालचं कपाट बाटल्यांनी भरलेलं असतं. भांड्यांचं लिक्विड, लादीचं फिनेल, टॉयलेटचा निळा द्रव, काचेचा स्प्रे, नळांवरचे डाग काढणारं काहीतरी आणि मागे कुठेतरी कुणी न उघडलेली ब्लीचची बाटली. प्रत्येकीवरचं चित्र वेगळं, वास वेगळा. रसायनाच्या हिशेबाने मात्र या सगळ्या मिळून चारच कामं करतात. तेल पाण्यात मिसळवायचं, पाण्याच्या क्षारांचा थर आम्लाने विरघळवायचा, चिकट ओशटपणा आम्लारीने तोडायचा आणि जंतू मारायचे. ही कामं वेगळी ओळखता आली, की यातल्या निम्म्या बाटल्या पुन्हा आणायची गरज उरत नाही.

घरगुती, नैसर्गिक पर्यायांकडे वळणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ते चांगलंच आहे. पण झाडापासून आलेलं म्हणून निर्धोक आणि कारखान्यातलं म्हणून घातक, ही वाटणी मला पटत नाही. जी व्यक्ती रोज ते द्रव्य हातात घेते, त्याच्यावर वाकून श्वास घेते, तिच्या कातडीचं आणि फुप्फुसाचं काय होतं, यावर सुरक्षितता ठरवायला हवी.

सुरुवात रिठ्यापासून करू. सह्याद्रीच्या बाजूला वाढणारा रिठा एका जातीचा, हिमालयाच्या पायथ्याचा दुसऱ्या. दोघांच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. डिटर्जंटही याच तत्त्वावर चालतं. रिठा फक्त सौम्य आहे. म्हणूनच पैठणी, लोकरीचे कपडे आणि सोन्याचे दागिने यांच्यासाठी तो आजही वापरला जातो. आणखी एक गुण मराठवाड्यात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना उपयोगी पडेल. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून राखाडी साका तयार करतं आणि साबण वाया जातो. रिठ्याच्या पाण्याचा असा साका होत नाही.

बिया काढलेली मूठभर साल रात्री भिजत घालावी, सकाळी उकळून, कुस्करून, गाळून घ्यावी. रोजची भांडी, हलके कपडे, लादी यांना हे पाणी पुरतं. मात्र ते दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच करावं. डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. पांढऱ्या सदऱ्याला पावडरीची निळसर झळाळी येणार नाही, कारण ती झळाळी स्वच्छतेची नसते. अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश टाकणारा पावडरीतला रंग कापडावर बसलेला असतो. आणि हेच सॅपोनिन माशांना विषारी आहे, ओढ्या-डबक्यांत रिठा कुटून टाकून मासे गुंगवण्याची पद्धत जुनी आहे. रिठ्याचा घट्ट काढा विहिरीत किंवा तळ्यात ओतू नये, इतकं त्यातून घ्यावं.

डिटर्जंटची गोष्टही एकरंगी नाही. सुरुवातीच्या डिटर्जंटचे रेणू फांद्या फुटलेले होते, जिवाणूंना ते पचत नसत आणि पाश्चात्त्य देशांतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचत. 1960च्या दशकात तिथे सरळ साखळीचे रेणू आले आणि ते पुरेशा ऑक्सिजनमध्ये बऱ्यापैकी मोडतात. पण त्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचायला हवं. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस गेल्या काही वर्षांत वारकऱ्यांनी वारंवार पाहिला. त्यात कारखान्यांचं पाणी आहे तसंच प्रक्रिया न झालेलं शहरी सांडपाणीही आहे, म्हणजे आपल्या मोरीतलं पाणीही. पावडर बदलणं जमणार नसेल त्यांनी ती मोजून घालावी. फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, हा समज जाहिरातींनी रुजवला आहे.

आम्लाचं काम घरात कितीतरी वस्तू करतात. तांब्या-पितळेवरचा काळपट थर चिंचेतल्या टार्टरिक आणि लिंबातल्या सायट्रिक आम्लात विरघळतो, मीठ टाकलं तर अधिक लवकर. कोकणात हेच काम आमसुलं करतात. किटलीत, गिझरच्या बादलीत, नळाच्या तोटीवर जमणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. कोमट पाण्यात किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड घालून अर्धा तास ठेवलं की तो सुटतो. त्यासाठी दारावर विकायला येणारं अ‍ॅसिड घरात आणण्याचं काहीच कारण नाही. अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच निर्बंध घातले आहेत.

इथे घरगुती उपायांच्या चाहत्यांना एक कळकळीची सूचना. शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल या दगडांना खातं. चकाकी जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मग तिथे मळ अधिक धरतो. कडप्प्याच्या ओट्याला साबणाचं पाणी आणि ओलं फडकं एवढंच द्यावं.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून वापरण्याची युक्तीही सोडून द्यायला हवी. दोन्ही मिसळले की जोरात फसफसतं, ते पाहून काहीतरी घडतंय असं वाटतं. घडतं ते इतकंच, की आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निकामी करतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी उरतं. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. शेगडीवरच्या ओशट थराला सोड्याची ओली पेस्ट, क्षारांच्या डागाला व्हिनेगर. धुण्याचा सोडा खायच्या सोड्यापेक्षा बराच जहाल असतो. तो अ‍ॅल्युमिनियमची भांडी काळी करतो आणि हातांनाही सोलतो, तेव्हा हातमोजे घालूनच वापरावा.

गूळ एक भाग, लिंबू-मोसंब्याच्या साली तीन भाग आणि पाणी दहा भाग घेऊन तीन महिने आंबवलेलं बायोएन्झाइम आता अनेक सोसायट्यांत तयार होतं. ओला कचरा कमी होतो, लादीला चांगलं चालतं. त्याचं बरंचसं काम आंबल्याने आलेलं सौम्य आम्ल करतं. म्हणजे शहाबादीला तेही नको. पहिल्या महिन्यात वायू सुटतो, म्हणून काचेच्या घट्ट बरणीत ठेवू नये, झाकण रोज थोडं उघडावं. जंतुनाशक म्हणून मात्र त्यावर विसंबू नये.

जंतुनाशक खरोखर लागतं ते क्वचित. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, रक्त सांडलं असेल, किंवा 2019 साली सांगली-कोल्हापुरात झालं तसं पुराचं पाणी घरात शिरलं असेल, तर पातळ केलेल्या ब्लीचला पर्याय नाही. तेव्हाही आधी चिखल आणि मळ साबणाने धुवावा, कारण घाणीशी गाठ पडली की क्लोरीन तिथेच खर्च होतं. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नये. टॉयलेटच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, शस्त्र म्हणून वापरला गेलेला तोच हा वायू. व्हिनेगर किंवा लिंबानेही तो सुटतो, त्यामुळे नैसर्गिक वस्तूंची ढाल इथे उपयोगी पडत नाही. खिडकी नसलेल्या छोट्या न्हाणीघरात ही चूक जिवावर बेतू शकते.

श्वासाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. नॉर्वेच्या बर्गेन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली सहा हजारांहून अधिक युरोपीय लोकांच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदी मांडल्या. घरात किंवा नोकरी म्हणून साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटत गेलेली दिसली. स्प्रेचा वापर आणि दमा यांचा संबंध त्याआधीच्या अभ्यासांतही दिसला होता, कारण फवाऱ्याचे बारीक थेंब थेट श्वासात जातात. द्रव फडक्यावर ओतून पुसलं तर हा धोका पुष्कळ कमी होतो. लिंबू आणि पाइनच्या सुगंधी तेलांबद्दलही सावध असावं. त्यातली टर्पीन द्रव्यं हवेतल्या ओझोनशी जुळून फॉर्मल्डिहाइड तयार करतात. फिनेलचा दरवळ म्हणजे घर स्वच्छ, ही सवय मोडायला वेळ लागेल, पण मोडावीच.

आता त्या हातांबद्दल. आपल्याकडे हजारो घरांत बाटली विकत घेणारी व्यक्ती एक आणि ती वापरणारी दुसरी असते. घरकाम करणाऱ्या ताई दिवसाला चार-पाच घरांत लाद्या पुसतात, भांडी घासतात, संडास धुतात. एका घरातलं थोडंसं रसायन त्यांच्यासाठी पाचपट होतं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडणं, भेगा, खाज हे त्यांच्यात इतकं सर्रास आहे की त्याला कुणी आजार म्हणत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला, पण त्यांच्या हातात येणारी बाटली कोणती, हे घरातच ठरतं.

म्हणून बदल करायचा तर त्यांच्यापासून करावा. कुठल्या द्रवाने हात जळतात, कुठल्याने खोकला येतो, हे आधी त्यांनाच विचारावं. त्यांच्या मापाचे रबरी हातमोजे आणावेत, फाटले की बदलावेत. संडासासाठी लांब दांड्याचा ब्रश ठेवावा. आम्लाची बाटली पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवू नये. लेबल वाचता येत नसेल तर कशात काय मिसळायचं नाही ते नीट समजावून सांगावं. कपड्यांच्या कपाटातल्या डांबर गोळ्याही काढाव्यात. त्यातलं नॅप्थालीन, जी6पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फोडू शकतं, आणि बाळाचे कपडे, दुपटी त्याच कपाटात असतात. त्या जागी वेखंडाचे तुकडे, लवंगा, सुकलेला कडुनिंब पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा. कापूर मात्र मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये, पोटात गेला तर झटके येतात.

घरात उरलेल्या बाटल्या एका दमात मोरीत रिकाम्या करू नयेत. एका वेळी एक, खिडकी उघडी ठेवून, लेबलवर लिहिलेल्या मापात वापरून संपवाव्यात. ज्या वापरायच्याच नाहीत त्या घातक घरगुती कचऱ्यात मोडतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी असा कचरा गोळा करण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र उघडायला स्थानिक संस्थांना सांगितलं होतं. आपल्या नगरपालिकेत असं केंद्र कुठे आहे, हे प्रभाग कार्यालयात जाऊन विचारावं, आणि नसेल तर लेखी मागावं.