रूळ गेले, चढ राहिला

विद्यार्थी मित्रांनो, सायकलवरून घाट चढण्याचा प्रसंग तुमच्यापैकी काहींवर आला असेल. पहिल्या वळणापर्यंत आपण ऐटीत पायडल मारतो, दुसऱ्या वळणाला सीटवरून उठून मारतो आणि तिसऱ्याला मुकाट्याने खाली उतरून सायकल ढकलू लागतो. अशा वेळी मी म्हणालो, की एक डोंगररांग अशी आहे, जी शाळेतली मुले आणि साठी उलटलेले आजोबाही सायकलवर बसूनच ओलांडतात, तर तुम्हाला ते खरे वाटेल का?

ही वाट अमेरिकेत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरापासून मेरीलँड राज्यातील कंबरलँड या गावापर्यंत ती जाते. लांबी सुमारे २४० किलोमीटर, नाव ‘ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज’. तिच्यावर मोटारींना बंदी आहे. लोक चालतात, पळतात, सायकल चालवतात. काही भागांत घोड्यावरूनही जातात. वाटेत अ‍ॅलेघेनी डोंगर आडवा येतो आणि वाट समुद्रसपाटीपासून ७२९ मीटर उंचीवर चढते. तरीही कोणी धापा टाकत नाही. असे का? कारण ही वाट मुळात सायकलींसाठी बांधलेलीच नव्हती. ती होती आगगाडीची वाट!

आगगाडीची ताकद आपल्याला ठाऊक असते, पण तिचा दुबळेपणा फारसा ठाऊक नसतो. पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते तेव्हा त्याला होणारा विरोध अगदी थोडा असतो. १००० टनांची मालगाडी सपाटीवर सावकाश ओढायला सुमारे २ टनभार एवढे बल पुरते. आता ५० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची वाढते असा चढ आला असे समजा. याला ‘५० ला १’ चढ म्हणू. गाडीच्या वजनाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० टनभार, तिला मागे खेचू लागतो. पूर्वी २ टनभार पुरत होते, आता २२ लागतात. एवढ्याशा चढाने इंजिनाचे काम अकरापट अवघड केले!

दुसरी अडचण पकडीची. पोलादावर पोलाद घसरते. इंजिनाच्या चाकांना रुळावर मिळणारी पकड चाकांवरील भाराच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी असते आणि रूळ ओले असले तर ती आणखी कमी होते. त्याहून जास्त जोर लावला तर चाके जागच्या जागी गरगर फिरतात. आपल्या भोर घाटात ३७ ला १ असा चढ आहे. रेल्वेच्या दृष्टीने तो इतका तीव्र, की कर्जतला अनेक गाड्यांना मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात.

म्हणून रेल्वेचे इंजिनिअर चढाला फार जपतात. खोलगट भागात भराव घालतात, टेकडी आली तर ती खोदतात, नदीवर उंच पूल बांधतात, डोंगरात बोगदा पाडतात. हे सारे कशासाठी? चढ सौम्य राहावा म्हणून.

आता आपल्या वाटेचे गणित करून पाहू. कंबरलँडपासून माथा सुमारे ३८ किलोमीटरवर आहे आणि तेवढ्यात वाट ५३५ मीटर चढते. म्हणजे सरासरी चढ ७१ ला १. पिट्सबर्गकडून आलात, तर सुमारे २०० किलोमीटरमध्ये ५१० मीटर चढायचे, म्हणजे जवळजवळ ४०० ला १! डोंगराची एक बाजू कड्यासारखी उभी आणि दुसरी बाजू लांबलचक पठाराची आहे, म्हणून हा फरक. आपला सह्याद्रीही कोकणाकडे उभा आणि देशाकडे उतरता आहे, नाही का? हा माथा म्हणजे एक जलविभाजक आहे. त्याच्या पूर्वेला पडलेला पावसाचा थेंब अटलांटिक महासागराकडे जातो, तर पश्चिमेला पडलेला थेंब ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून मेक्सिकोच्या आखातात पोहोचतो.

सायकल आणि स्वार मिळून ८० किलोग्रॅम धरा. १० ला १ चढाच्या रस्त्यावर त्यांना ८ किलोग्रॅमभार मागे खेचील. कंबरलँडच्या बाजूला सव्वा किलोसुद्धा नाही आणि पिट्सबर्गच्या बाजूला अवघे २०० ग्रॅम! मात्र निसर्ग येथे काही फुकट देत नाही. ५३५ मीटर उंची गाठायला लागणारे कार्य कोणत्याही वाटेने तेवढेच, सुमारे १०० किलोकॅलरी. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा भागच कामाला लावतात, म्हणजे ४०० किलोकॅलरी अन्न हवे. वाऱ्याचा व घर्षणाचा हिशेब सोडला, तर ही झाली तीनेक भाकरींची ऊर्जा. उतरणीमुळे कार्य कमी होत नाही, बल कमी होते. भाकरी तेवढ्याच लागतात, पण घाईने नव्हे!

माथ्यावरून जाणारा हा लोहमार्ग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९१२ साली पुरा केला. पण त्याच खोऱ्यात दुसऱ्या कंपनीचा मार्ग आधीपासून होता. मालट्रक आणि मोटारींच्या जमान्यात दोन मार्ग परवडेनात, तेव्हा १९७५ साली यावरची वाहतूक थांबली. दुसऱ्या मार्गावरून मालगाड्या आजही धावतात.

बंद पडलेल्या मार्गाचे रूळ भंगारात जातात. त्याचे फारसे दुःख नाही, रूळ पुन्हा घालता येतात. खरा धोका पुढे असतो. जमिनीचे तुकडे होतात. कोणी कुंपण घालतो, कोणी भराव फोडतो, पूल पाडले जातात. हजारो मजुरांनी घडवलेला तो सौम्य चढ एका ठिकाणी तुटला, तरी सलग वाट म्हणून तो संपतो. हे ओळखून अमेरिकेत १९८३ साली कायद्यात बदल झाला. बंद होणारा मार्ग न तोडता लोकांच्या वाटेसाठी राखता येतो आणि पुढे गरज पडली तर तेथे पुन्हा रेल्वेही आणता येते.

ओहायोपाइल गावाजवळ या वाटेचा पहिला तुकडा १९८६ साली खुला झाला. त्यावर चुनखडीची बारीक कच दाबून बसवली आहे. तुकड्याला तुकडा जोडत पिट्सबर्गपर्यंत पोहोचायला २०१३ साल उजाडले. सर्वांत कठीण होता ‘बिग सॅव्हेज’ हा सुमारे १ किलोमीटरचा बोगदा. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. भिंतीत झिरपलेले पाणी गोठले की भिंती फुटतात. म्हणून दुरुस्तीनंतर बोगद्याला दरवाजे बसवले आणि हिवाळ्यात ते बंद ठेवतात.

मित्रांनो, पुढच्या वेळी आगगाडीने जाल तेव्हा खिडकीतून नीट पाहा. रुळांच्या कडेला एखादा बुटका खांब दिसेल, त्यावर तिरपी पाटी आणि एक आकडा असेल. तो १५० असला, तर चढ किंवा उतार १५० ला १ आहे असे समजा. मग त्या चढावर तुमच्या सायकलला किती ग्रॅमभार मागे खेचील, याचे गणित वहीत मांडा. इंजिनाचा दुबळेपणा आपल्या किती उपयोगी पडू शकतो, हे तुमचे तुम्हालाच कळेल.